बिलावर वाद असेल तर एनसीएलटीत जावं का? कोल्हापूरच्या लघुउद्योजकांसाठी मार्गदर्शक

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत येणी थकली की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: "देत नाही म्हणतोय? एनसीएलटीत टाकतो त्याला." एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आल्यापासून ही धमकी वसुलीचं हत्यार होऊन बसली आहे. कंपनीचा ताबा जाईल या भीतीनं समोरचा चेक काढतो, म्हणून काही वेळा ती लागूही पडते. पण ज्या बिलावर खरोखरचा वाद आहे, म्हणजे माल नापास झालाय, वजन कमी भरलंय किंवा काम अर्धवट राहिलंय, तिथं हा रस्ता कायद्यानं मुद्दाम बंद ठेवला आहे. हे उशिरा कळलं तर पैसा आणि वर्षं तर जातातच, शेवटी दाव्याची मुदतही निघून जाते.

ज्यांचं येणं अडकलंय त्यांच्यासाठी हा लेख आहे, आणि अशी नोटीस हातात पडल्यामुळे ज्यांची झोप उडालीय त्यांच्यासाठीही. दोघांनी एकमेकांचा भाग वाचावा. समोरच्याची बाजू कळली तर निम्मी प्रकरणं वकिलाच्या ऑफिसातच मिटतात.

पहिली पायरी: समोरचा नेमका कोण, ते बघा

एनसीएलटीत थकलेल्या बिलासाठीचा अर्ज कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) यांच्याविरुद्ध चालतो. आपल्याकडे घोडं इथंच अडतं. बिलावर 'अमुक इंजिनिअरिंग वर्क्स' किंवा 'तमुक इंडस्ट्रीज' असं भारदस्त नाव असतं आणि प्रत्यक्षात ती एका माणसाची मालकी किंवा भावाभावांची भागीदारी निघते. व्यक्ती आणि भागीदारी फर्मसाठीचा संहितेचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू झाला आहे. त्यामुळे उद्यमनगरातल्या भागीदारी फर्मला एनसीएलटीची नोटीस पाठवण्यात अर्थ नाही. सहकारी साखर कारखान्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याचं अवसायन, म्हणजे संस्था गुंडाळून देणी भागवणं, सहकार कायद्याखाली निबंधकांमार्फत होतं. एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवर नाव टाकून कंपनी खरंच नोंदलेली आहे का आणि नोंदणीकृत कार्यालय कुठं आहे, हे आधी तपासा. पत्त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

मग रक्कम. थकबाकी किमान १ कोटी रुपये हवी. २४ मार्च २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती, त्यामुळे जुने लेख वाचून कुणी नोटीस काढत असेल तर त्याला थांबवा. बिलावर छापलेलं व्याज धरून १ कोटीचा आकडा गाठायचा मोह होतो. ते व्याज समोरच्यानं मान्य केलेलं नसेल तर त्याच्यावरच पहिला वाद उभा राहतो. मुद्दल एकट्यानं रेघ ओलांडत असेल तरच पुढे जा.

२५ मार्च २०२० ते २४ मार्च २०२१ या कोविडच्या वर्षात झालेल्या थकबाकीसाठी कलम १०अ मुळे असा अर्ज कधीच करता येत नाही. बाकी थकबाकीला तीन वर्षांची मुदत आहे. मुदतीच्या आत समोरच्यानं लेखी कबुली दिली असेल किंवा थोडे पैसे भरले असतील तर ती तिथून नव्यानं मोजतात.

दुसरी पायरी: वाद खरा आहे का, याचं उत्तर स्वतःला द्या

संहितेच्या कलम ५(६) मध्ये वादाचे तीन विषय दिले आहेत: रक्कम देणं लागते की नाही आणि किती, मालाचा किंवा सेवेचा दर्जा, आणि दिलेल्या हमीचा भंग. कोर्टात दावा किंवा लवाद चालू असेल तरच तो वाद, असं सुरुवातीला बरेच जण धरून चालले होते. मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा या प्रकरणात २१ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो समज दूर केला. दावा दाखल असायची गरज नाही. मागणी नोटीस हातात पडायच्या आधीपासून वाद असायला हवा, त्यामागे काही पुरावा हवा आणि आणखी तपास करावा लागेल इतपत तरी त्यात तथ्य हवं. निव्वळ रचलेला, हवेतला बचाव चालत नाही. पण बचाव शेवटी टिकेल का, हे न्यायाधिकरण बघत नाही. ते काम दिवाणी कोर्टाचं किंवा लवादाचं.

हा शेवटचा मुद्दा नवख्यांच्या लवकर पचनी पडत नाही. "माझी बाजू शंभर टक्के खरी आहे, साक्षीदार आणतो," असं येणेकरी सांगतो. तुमची बाजू खरी असेलही, पण ती सिद्ध करायला साक्षीदार आणावे लागणार असतील तर एनसीएलटी ही त्याची जागा नाही. तिथं कागदावरून थोडक्यात निवाडा होतो. जुन्या कंपनी कायद्यात वाइंडिंग अपच्या, म्हणजे अवसायनाच्या, अर्जावेळी बचाव भरीव आहे का आणि कायद्यानं टिकण्याजोगा आहे का, हे उच्च न्यायालय बघायचं. आताची कसोटी देणेकऱ्याच्या बाजूनं त्याहून सैल आहे. संहितेच्या विधेयकात वाद 'प्रामाणिक' असावा अशा अर्थाचा शब्द होता, तोही अंतिम कायद्यात राहिला नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीनं कागलच्या एका कंपनीला सहा महिने पंपाच्या बॉडीचं कास्टिंग पुरवलं. येणं १ कोटी ३० लाख. मार्चमध्ये मशिनिंगला लावल्यावर एका लॉटमध्ये ब्लो होल (धातूतली हवेची भोकं) निघाले. कंपनीच्या क्वालिटी विभागानं त्याच आठवड्यात हीट नंबर आणि फोटोंसह रिजेक्शन रिपोर्ट मेल केला, एप्रिलमध्ये ३८ लाखांची डेबिट नोट (बिलातून वजावटीची चिठ्ठी) काढली आणि नापास माल चलनावर परत पाठवला. फौंड्रीनं ऑगस्टमध्ये मागणी नोटीस काढली. इथं वाद नोटिशीच्या आधीचा आहे, कागदावर आहे, आणि ३८ लाख बाजूला काढले तर बिनवादाची रक्कम ९२ लाख उरते. अर्ज टिकण्याची आशा धरू नये.

त्याच व्यवहारात डेबिट नोट फक्त १२ लाखांची असती तर १ कोटी १८ लाख बिनवादाचे राहिले असते. मग एका लॉटच्या तक्रारीच्या आधारावर सगळं बिल वादात आहे असं म्हणणं कंपनीला जड गेलं असतं. आता चित्र उलटं करून बघा. सहा महिने एकही तक्रार नाही, ३१ मार्चच्या बॅलन्स कन्फर्मेशनवर (बाकी मान्य असल्याच्या पत्रावर) कंपनीच्या अकाउंट्स विभागाची सही-शिक्का, जीएसटीचं पूर्ण इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) घेतलेलं, दोनदा थोडे पैसे जमा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "दिवाळीनंतर नक्की करतो." नोटीस गेल्यावर मात्र दर्जाबद्दल बारा पानी उत्तर येतं. मोबिलॉक्समध्ये ज्याला रचलेला बचाव म्हटलं आहे, तो हाच.

सगळ्यात अवघड प्रकार यांच्या मधला, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तोही हाच. तक्रार खरी असते, पण झालेली असते फोनवर. "अहो, मागच्या लॉटला लई भोकं निघाली, बघा जरा." "बघतो की, पुढच्या गाडीत बदलून देतो." वीस वर्षांचे संबंध असतात, कोण मेल लिहीत बसणार? मग संबंध तुटतात, नोटीस येते, आणि खरी तक्रार असलेल्या माणसाकडे दाखवायला एक ओळसुद्धा नसते. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की फोन जरूर करा, पण ठेवल्यावर दोन ओळींचा मेल टाका. "आज बोलल्याप्रमाणे अमुक चलनातले इतके नग नापास." मराठीत लिहिलं तरी चालतं.

तिसरी पायरी: कागद तारखेनं लावा

तुम्ही कोणत्याही बाजूला असा, एक फाईल करा आणि सगळं तारखेच्या क्रमानं लावा: परचेस ऑर्डर, चलन, ई-वे बिल, गेटवरची पोच, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), बिल, तक्रारीचे मेल, रिजेक्शन रिपोर्ट, डेबिट किंवा क्रेडिट नोट, बँकेत आलेले पैसे. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश दाखवायचे असतील तर मूळ फोन जपा आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडायची तयारी ठेवा.

येणेकऱ्यानं एक प्रश्न स्वतःच्या अकाउंटंटला विचारावा: समोरच्यानं या बिलांवर टीडीएस कापून भरलाय का, इनपुट क्रेडिट घेतलंय का? माल नापास म्हणणाऱ्यानं ते क्रेडिट परत केलं नसेल तर तो मुद्दा तुमच्या बाजूनं जातो. देणेकऱ्यानंही हेच आरशात बघावं. मार्चमध्ये माल नापास केला असेल तर त्याची छाया खातेवहीत, स्टॉकमध्ये आणि जीएसटीत कुठेतरी पडायला हवी. फक्त वकिलाच्या उत्तरात नापास झालेला माल कुणाला पटत नाही.

याच टप्प्यावर दोन्हीकडचे अकाउंटंट समोरासमोर बसवून खातेजुळणी करून बघा. वादाचा आकडा नेमका किती, हे कळलं की पुढचा रस्ता ठरतो.

चौथी पायरी: नोटीस पाठवणारा असाल तर

कलम ८ खाली दोन पर्याय आहेत: ठरलेल्या नमुन्यातली मागणी नोटीस, म्हणजे फॉर्म ३, किंवा फॉर्म ४ सोबत बिलाची प्रत. ती नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर हातपोच, रजिस्टर किंवा स्पीड पोस्टनं पोचपावतीसह पाठवा, किंवा पूर्णवेळ संचालकाला वा कंपनीच्या प्रमुख अधिकाऱ्याला ईमेल करा. वकिलामार्फतही चालते. किती रक्कम, कोणत्या तारखेपासून थकली आणि कोणत्या बिलांची, हे त्यात चोख हवं.

नोटिशीनंतर १० दिवस थांबावं लागतं. पैसे आले नाहीत आणि वादाचं उत्तरही आलं नाही, तरच कलम ९ चा अर्ज करायचा. त्यासोबत प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं की वादाची कोणतीही सूचना आलेली नाही. समोरच्यानं वाद कळवला असताना ते दडवून अर्ज केला तर कलम ७६ खाली तुरुंगवासापर्यंतची शिक्षा सांगितली आहे. दिवाळखोरी सोडवण्याऐवजी भलत्याच किंवा दुष्ट हेतूनं अर्ज केला तर कलम ६५ खाली १ लाख ते १ कोटी रुपये दंड होऊ शकतो. आलेले सगळे तक्रारीचे मेल अर्जाला स्वतःहून जोडा आणि तो वाद का खरा नाही ते सांगा.

पाचवी पायरी: नोटीस आली असेल तर

घाबरू नका, पण एक दिवसही दवडू नका. मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहा, पाकीट जपा. कलम ८(२) प्रमाणे १० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. १० दिवसांत उत्तर गेलं नाही म्हणून जुना वाद दाखवायचा हक्क संपत नाही, असं अपील न्यायाधिकरणानं म्हटलं आहे. तरी त्या आधारावर गप्प बसणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं आहे.

उत्तरात भावना नकोत. कोणतं बिल, कोणता लॉट, तक्रार कधी केली, कुणाला केली, त्याचा कागद कोणता आणि त्यापोटी किती रक्कम वादात, एवढं लिहा. पैसे दिले असतील तर बँकेचा पुरावा जोडा. दावा किंवा लवाद आधीच चालू असेल तर त्याचा क्रमांक द्या. लवादाचा निवाडा तुमच्याविरुद्ध गेला असला तरी त्याला मुदतीत कोर्टात आव्हान दिलेलं असेल तर तोही वादच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये के. किशन प्रकरणात सांगितलं आहे. जवळचं उदाहरण साताऱ्याच्या के बुव्हे इंजिनिअरिंगचं. सुदानमधल्या साखर कारखान्याच्या कंत्राटातून आलेल्या त्या प्रकरणात आधीचा वाद कागदांवरून दिसतो म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीविरुद्धचा अर्ज फेटाळल्याचा मुंबई एनसीएलटीचा निर्णय कायम केला.

आणि जी रक्कम खरोखर देणं आहे, ती देऊन टाका. वादाचे ३८ लाख अडवण्यासाठी बिनवादाचे ९२ लाख अडवून ठेवणाऱ्याची बाजू कुणालाच खरी वाटत नाही.

एक इशारा. हे सगळं पुरवठादारांच्या येण्याबद्दल झालं. बँकेच्या कर्जाला हा बचाव लागू नाही. तिथं कलम ७ खाली देणं आहे का आणि ते थकलंय का, एवढंच मुख्यतः बघतात. २०१७ च्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज निकालानं ते स्पष्ट केलं आहे.

सहावी पायरी: अर्ज कुठे आणि त्यातून मिळतं काय

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. इतक्या वर्षांच्या लढ्याचं ते फळ, आणि त्यामुळे सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईवारी वाचली. पण एनसीएलटी हे वेगळं न्यायाधिकरण आहे. नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात असलेल्या कंपनीविरुद्धचा अर्ज आजही मुंबईत कफ परेडच्या एनसीएलटीतच जातो. अपील दिल्लीला, ३० दिवसांत, सबळ कारण असेल तर आणखी १५.

अर्जाचं शुल्क २,००० रुपये. ते बघून स्वस्त वाटतं, पण वकील आणि हेलपाट्यांचा खर्च वेगळा, आणि अर्ज दाखल करून घेतला तर हंगामी व्यावसायिकाच्या (कंपनी सांभाळायला न्यायाधिकरण नेमतं त्याच्या) सुरुवातीच्या खर्चाची रक्कम बहुतेक वेळा अर्जदारालाच भरायला सांगतात. कायद्यात निर्णयाला १४ दिवस लिहिले आहेत, प्रत्यक्षात महिने जातात.

अर्ज मंजूर झाला तर काय, याचा विचार फार थोडे येणेकरी करतात. कंपनीवर मोरॅटोरियम (वसुली आणि दाव्यांना स्थगिती) लागतो आणि संचालक मंडळाचे अधिकार हंगामी व्यावसायिकाकडे जातात. तुमची वसुली तिथंच थांबते आणि तुम्ही सगळ्या येणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहता. निर्णय घेणाऱ्या समितीत सहसा बँकाच असतात, पुरवठादाराला मत नसतं. कंपनी अवसायनात गेली तर तारण असलेल्या बँका, कामगार, कर्मचारी, बिनतारणी कर्जदाते आणि सरकारी देणी यांच्यानंतर तुमचा नंबर. आपल्याच गिऱ्हाइकाचा कारखाना बंद पाडून, तिथल्या कामगारांची चूल विझवून हाती काही न लागणं, असाही शेवट होतो. गिऱ्हाईक खरोखरच बुडालेलं असेल तर हा रस्ता आवश्यक आहे. चालती कंपनी एका लॉटवरून भांडत असेल तर तो चुकीचा आहे.

सातवी पायरी: वाद खरा असेल तर कुठे जायचं

सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी माल पुरवण्याआधीची असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याखालची सुविधा परिषद हा पहिला विचार असावा. तिथं १ कोटीची अट नाही. आधी समझोत्याचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद. ४५ दिवसांपलीकडे थकलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट, तेही महिन्याच्या हिशेबानं चक्रवाढ व्याज लागतं, आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर समोरच्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. छोट्या पुरवठादारासाठी याहून मोठा आधार मला दुसरा दिसत नाही. नोंदणी माल दिल्यानंतर केली असेल तर त्या आधीच्या पुरवठ्याला हा फायदा मिळत नाही, म्हणून ज्यांनी अजून केली नाही त्यांनी या आठवड्यातच करावी.

परचेस ऑर्डरमागच्या बारीक अक्षरांत लवादाचं कलम असेल तर लवाद. तेही नसेल तर ३ लाखांवरच्या व्यापारी वादासाठी व्यापारी न्यायालय. तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे.

मात्र यांतलं काही निवडायला एनसीएलटीचा निकाल येईपर्यंत थांबू नका. साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीचं काम केलेल्या एस. एस. इंजिनिअर्सनं एचपीसीएल बायोफ्युएल्सविरुद्ध एनसीएलटीचा रस्ता धरला होता. आधीपासूनचा वाद आहे म्हणून जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांचं अपील फेटाळलं गेलं आणि एनसीएलटी हा वसुलीचा मंच नाही, हे न्यायालयानं पुन्हा बजावलं. मग ते लवाद नेमण्यासाठी उच्च न्यायालयात गेले, तिथं लवाद नेमलाही गेला. पण ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. दिवाळखोरीचा अर्ज आणि लवादाची मागणी यांत मागितलेला दिलासा एकसारखा नाही, त्यामुळे एनसीएलटीत गेलेला काळ मुदतीतून वजा करता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

म्हणून मागणी नोटिशीला वादाचं उत्तर आलं की त्याच दिवशी प्रत्येक बिलाची तीन वर्षं कधी संपतात ते कॅलेंडरवर लिहा. सगळ्यात जुन्या बिलाला सहा महिने राहिले असतील तर एनसीएलटीचा विचार बाजूला ठेवा आणि परिषदेत, लवादाकडे किंवा व्यापारी न्यायालयात आधी नोंद करा.